जात कोणाची, चोरली कोणी?
(बाबूराव बागूलांचा पहिला कथासंग्रह आमच्या वाचनमंडळात)

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाची एकच प्रत आहे. पुठ्ठा सुटलेला, पाठीमागच्या कागदावर तारखांचे शिक्के विरळ. बाजारात मिळणाऱ्या गाईडांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांत या संग्रहाच्या शीर्षककथेवर पाच गुणांचे तयार उत्तर असते, आणि दलितांच्या दुःखाचे प्रभावी चित्रण, जातिव्यवस्थेवर प्रहार, अशी ठरावीक वाक्ये विद्यार्थी पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवतात. मी मराठी शिकवतो. ही उत्तरे मीही तपासली आहेत आणि त्यांना पाचपैकी चार गुणही दिले आहेत. कथा न वाचता तिच्याविषयी बरोबर बोलता येते, ही आपल्या विद्यापीठीय अभ्यासाची सोय आहे. या सोयीचा कंटाळा आला म्हणून आम्ही काही जणांनी शनिवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात बसायचे ठरवले. प्रत एकच, म्हणून एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. कधी नऊ जण, कधी चौदा. बहुतेक जण बौद्ध, दोन मातंग मुले, एक वडार मुलगा, तीन मुली. एक मराठा विद्यार्थी पहिल्या शनिवारी आला तो पुढे एकही शनिवार चुकला नाही.

वाचकांना ठाऊक असेल, तरी एक गोष्ट नोंदवतो. बागूलांचा हा पहिला कथासंग्रह 1963 चा. दलित साहित्याचे पहिले संमेलन मुंबईत 1958 साली भरले होते. 'अस्मितादर्श' 1967 मध्ये सुरू झाले, पँथर 1972 मध्ये उभी राहिली. म्हणजे आज दलित साहित्याची म्हणून जी परिभाषा आपण सहज वापरतो ती तयार होण्याआधीच नाशिक जिल्ह्यात जन्मलेला, मिळेल ते काम करून जगलेला एक तेहतीस वर्षांचा माणूस हे पुस्तक लिहून मोकळा झाला होता. विद्रोह, नकार, वेदना हे शब्द मागाहून आले. माझ्या विद्यार्थ्यांपाशी मात्र आधी शब्द आले आणि कथा मागाहून. म्हणून आम्ही ते सगळे शब्द जेवणघराच्या दाराबाहेर ठेवायचे ठरवले. ते अर्थातच पूर्ण जमले नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही शीर्षकाच्या पुढे गेलोच नाही. वडार मुलाने विचारले, "सर, चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. जात तर त्याची स्वतःचीच होती. मग चोरली कशी?"

हा प्रश्न मला बारा वर्षांच्या अध्यापनात कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मग फळा नसलेल्या त्या खोलीत आम्ही मराठीतली 'चोरणे' गोळा करत बसलो. अंग चोरणे, नजर चोरणे, काम चोरणे. यांतल्या एकाही ठिकाणी दुसऱ्याचे काही घेतलेले नाही. अंग माझे, नजर माझी. ती मी आत ओढून घेतो, समोरच्याच्या वाट्याला येऊ देत नाही. पंगतीत अंग चोरून बसणारा माणूस आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा निघाला. प्रत्येकाच्या घरात तो होता. 'जात चोरणे' हे क्रियापद या घराण्यातले आहे. ते आधी शरीराचे आहे, गुन्हेगारीचे नंतर.

पण मग ते गुन्हा कोणाच्या दृष्टीने ठरते? जो खोली देणार आहे त्याच्या दृष्टीने. त्याच्या लेखी माझी जात ही माझी नसून त्याची आहे. त्याला ती समजलीच पाहिजे, कारण तिच्यावर त्याचे स्वयंपाकघर, त्याचा पाण्याचा हंडा आणि त्याच्या मुलीचे लग्न उभे आहे. ती त्याच्यापासून लपवणे म्हणजे त्याच्या मालकीची वस्तू लांबवणे. म्हणून तर 'जातचोर' ही शिवी तयार झाली. एका क्रियापदाचे हे दोन अर्थ, सोसणाऱ्याचा आणि मालकाचा, बागूलांनी शीर्षकात समोरासमोर उभे केले आहेत. जेरी पिंटो यांनी 2018 साली या संग्रहाचे इंग्रजी भाषांतर केले. त्याच्या शीर्षकात 'चोरली'च्या जागी 'लपवली' आले आहे. भाषांतरकाराचा दोष नाही, इंग्रजीत दुसरे काय करणार? तथापि लपवण्यात मालक दिसत नाही. चोरीत तो लगेच दंडुका घेऊन येतो.

दुसऱ्या शनिवारी कथा वाचायला घेतली आणि भाषेवर अडलो. मुलांना अपेक्षा होती ती वस्तीच्या बोलीची, शिव्यांची, रांगड्या संवादांची. बागूलांचा निवेदक मात्र उंच स्वरात, अलंकारिक, कवितेच्या तालात बोलतो. एक मुलगा म्हणाला, "हा आपल्यासारखा बोलत नाही. भाषण देतोय." प्रस्थापित समीक्षेनेही बागूलांच्या भडक, भावविवश शैलीकडे असेच बोट दाखवले आहे, तेव्हा मुलाचे म्हणणे झटकून टाकण्यात अर्थ नव्हता. संग्रहातल्या काही कथांत ही शैली खरोखरच पात्रांवर स्वार होते, असे माझेही मत आहे. माणसाला बोलू न देता लेखकच गरजत राहतो.

शीर्षककथेपुरते मात्र मी वेगळे म्हणेन. बेकारीनंतर रेल्वेत नोकरी लागल्याच्या आनंदात हा तरुण सुरतेजवळच्या उधन्याला येतो. राहायला जागा हवी आहे. रणछोड नावाचा कामगार त्याला जात विचारतो. तरुण उत्तर देत नाही, चिडतो; मी मुंबईचा, मी सत्यासाठी लढणारा, देश स्वतंत्र करणारा, अशा थाटाचे काही सुनावतो. विचारणारा दिपून जातो आणि प्रश्न तिथेच विरतो. म्हणजे इथे भाषणबाजी हीच कथेतली घटना आहे. मोठे शब्द हे त्या तरुणाचे पांघरूण आहे. भारतीयत्व, मानवता, नवा समाज या शब्दांखाली तो जात चोरतो. पुढे रामचरण तिवारीच्या घरी त्याला आसरा मिळतो तोही 'मास्तर' म्हणून, कवी म्हणून. ज्या शैलीला आपण लेखकाचा दोष म्हणतो ती इथे नायकाचे हत्यार आहे, आणि हे हत्यार किती तकलादू आहे ते कथा पुढे दाखवते.

एक मुलगी एवढेच म्हणाली, "आम्हीपण मुलाखतीत असंच बोलतो, सर." बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाईडातले उत्तर, वर्गातली माझी जुनी व्याख्याने आणि या कथेवरचे बरेचसे लेखन, सगळे जण मास्तरच्या दुःखाभोवती फिरतात. त्याची घालमेल, उघडे पडण्याची भीती, शेवटी जमावाची मारहाण. सहानुभूती मास्तरला. पण याच कथेत काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा महार तरुण आहे आणि त्याने जात चोरलेली नाही. त्याला ती विचारली जाते, डिवचले जाते, आणि तो चाकूची भाषा बोलतो. एकाच रेल्वेत दोन महार: एक मान मिळवून गप्प, दुसरा अपमान झेलत उघडा. मास्तरच्या मनात काशिनाथविषयी प्रेम आहे, अभिमान आहे, पण त्याच्या बाजूने उघड उभे राहायचे म्हटले की स्वतःची खोली जाते.

माझ्या मते कथेचा गाभा इथे आहे. जात चोरण्याची किंमत चोरणारा भरतो, असे आपण समजतो. आधी ती किंमत न चोरणारा भरतो. मास्तर जेवढा काळ सुरक्षित आहे तेवढा काळ काशिनाथ एकटा आहे. एक माणूस कमी झाल्याने त्याचा एकटेपणा दुप्पट झाला आहे, आणि हे त्याला सांगणारेही कुणी नाही. ही गोष्ट पकडली की कथा सवर्ण वाचकाच्या कणवेसाठी लिहिलेली राहत नाही. ती आपल्यापैकी ज्यांची थोडी सोय लागली आहे त्यांच्याकडे वळते. नोकरदार, प्राध्यापक, कर्जावर सदनिका घेतलेले, दारावर नुसते पहिले नाव लावणारे. म्हणूनच कदाचित आपल्या वर्गानेही तिला दुःखाची कथा म्हणून बाजूला ठेवणे पसंत केले असावे.

मातंग मुलांपैकी एकाने मला सरळ विचारले, "सर, तुम्ही काशिनाथ की मास्तर?" त्या दिवशी मी शिक्षकी उत्तर दिले: दोघेही आपल्यात असतात वगैरे. घरी जाताना माझी मलाच लाज वाटली. पुढच्या शनिवारी जे सांगितले ते इथेही लिहितो.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. वडील ऊसतोडीला जात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्या महाविद्यालयात होतो तिथे स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्याने राखीव जागेवर आलेल्या एका तरुण शिक्षकाविषयी, तो बाहेर गेल्यावर, काही उद्गार काढले. सगळे हसले. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून चटकन काही कळत नाही. मी तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. मी हसलो नाही, एवढीच काय ती माझी बहादुरी. चहाच्या कपात बघत राहिलो. नजर चोरली. तो शिक्षक सहा महिन्यांत दुसरीकडे गेला. त्याला त्या खोलीत आणखी एक माणूस आपला आहे हे कधीच कळले नाही. मला कुणी मारले नाही, घराबाहेर काढले नाही. माझी गोष्ट बागूलांच्या कथेइतकी मोठी नाही. तरीही काशिनाथचे नाव आले की मला तो चहाचा कप दिसतो.

मुलांनी मला दोष दिला नाही. समजूतही घातली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

इथे बाबासाहेबांची आठवण निघणे अपरिहार्य होते. 1917 साली बडोदे संस्थानाच्या नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. अखेर पारशांच्या धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लिहून मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायचे कबूल करून ते बाहेर पडले. मित्रांची दारेही उघडली नाहीत. गाडीची वेळ होईपर्यंत कामाठीबागेत बसून त्यांनी मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी हे सारे स्वतः लिहिले आहे, आणि नाव बदलल्याचे लपवलेले नाही. कोलंबियात शिकून आलेला, अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्यार्थी, आणि एका खाटेसाठी त्याला नाव चोरावे लागले. बडोदे आणि उधना एकाच लोहमार्गावर आहेत. बागूलांच्या मनात कथा लिहिताना बडोदे होते की नाही हे मी सांगू शकत नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. वाचणाऱ्याच्या मनात ते येते. एक फरक मात्र महत्त्वाचा: बडोद्यात काशिनाथ नव्हता. कुणीही चाकू घेऊन आले नाही. बाबासाहेबांनी पुढे महाडला, नाशिकला, नागपूरला जे उभे केले त्याशिवाय 1963 च्या कथेत काशिनाथ शिरू शकला नसता.

शेवटावर आमचे भांडण झाले, आणि ते मिटलेले नाही. मास्तरची जात उघडी पडते, जमाव त्याला मारतो, काशिनाथ धावून येतो आणि सोडवतो. का मार खाल्लास असे तो विचारतो तेव्हा मास्तरच्या उत्तराचा आशय असा, की मला या लोकांनी मारलेच नाही, मला मनूने मारले. गाईडात हा शेवट 'वैचारिक उंची गाठणारा' असतो. आमच्या मंडळातली सर्वांत कमी बोलणारी मुलगी म्हणाली, "मनू मेला कधीचा. हात तर यांचेच होते ना? आधी स्वतःची जात चोरली, आता मारणाऱ्यांचे हात चोरतोय."

हे वाक्य मी कुठल्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही. त्यात तथ्य आहे. आज अत्याचाराची फिर्याद नोंदवायला गेलेल्या माणसाला ठाण्यात मनूचे नाव सांगून चालत नाही. 1989 च्या कायद्यालाही आरोपी लागतो, नाव आणि पत्ता असलेला. व्यवस्थेला दोष देण्याच्या भाषेत माणसे सुटून जातात, ही आपल्या चळवळीतली जुनी पळवाटही आहे. आपण व्यासपीठावरून मनूला झोडपतो आणि खाली उतरून त्याच गावपुढाऱ्याकडे वर्गणी मागतो.

दुसरी बाजू मराठा विद्यार्थ्याने मांडली, चाचरत. त्याचे म्हणणे, मास्तर त्या लोकांना माफ करत नाही, त्यांना लहान करतो. तुम्ही मारताय असे तुम्हाला वाटते, पण तुम्ही नुसते दंडुके आहात. हात दुसऱ्याचा आहे. मला हेही पटले. 'जातिनिर्मूलना'च्या 1936 च्या भाषणात बाबासाहेबांची मांडणी याच दिशेची आहे: जात पाळणारा माणूस दुष्ट आहे म्हणून ती पाळतो असे नाही, त्याच्या धर्मशास्त्राने ती त्याच्यात रुजवली आहे, म्हणून भिडायचे ते शास्त्रांना. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती याच जाणिवेने. तेव्हा मास्तरचे उत्तर आंबेडकरी आहे यात शंका नाही.

तरीही ते उत्तर मास्तरच्या तोंडी आहे, काशिनाथच्या नाही, याकडे आपण दुर्लक्ष करतो. मार खाल्लेला माणूस विचार सांगतो आणि चाकू हातात असलेला ऐकतो. लेखकाने दोघांपैकी एकाला निवडलेले नाही. नुसता मास्तर असता तर कथा सद्भावनेची झाली असती. नुसता काशिनाथ असता तर मारामारीची. मनूचे नाव उच्चारायला मास्तर जिवंत राहिला तो काशिनाथ वेळेवर आला म्हणून. माझे मत असे, की शेवटचे वाक्य अपुरे आहे आणि बागूलांना ते अपुरे ठेवायचे होते. त्या मुलीला हे मान्य नाही. तिच्या मते मी लेखकाला वाचवतो आहे. असेलही.

बाकीच्या कथांवर थोडक्यातच लिहितो, कारण सगळ्या आम्ही सारख्या लक्षाने वाचल्या नाहीत. 'विद्रोह' वाचताना मात्र वाचन थांबवावे लागले. शिकू पाहणाऱ्या मुलाला मैला उपसण्याच्या पिढीजात कामात ढकलले जाते, ही ती कथा. वाचणाऱ्या मुलाचे वडील नगरपरिषदेत कंत्राटी सफाई कामगार आहेत. त्याने पुस्तक बंद केले, पाणी प्यायला गेला, परत येऊन उरलेले वाचले. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा 1993 चा, दुसरा 2013 चा. कथा 1963 ची. गटारात गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या आजही येतात. या कथेच्या वाङ्मयीन मूल्याविषयी त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणीही बोलले नाही, आणि मला ते योग्यच वाटले.

बायांच्या कथांवर मुलींची तक्रार होती. बागूल वेश्येला, टाकलेल्या बाईला, छळलेल्या आईला केंद्रस्थानी आणतात, हे 1963 साली धाडसाचे होते. पण त्या बाया पुष्कळदा एकतर देवता होतात किंवा ज्वाला. दमलेली, हिशेबी, कधी हसणारी बाई तिथे फारशी भेटत नाही. ती पुढे आपल्या लेखिकांनी आणली. एक मुलगी असेही म्हणाली की जात चोरायला बाईला जागाच कुठे आहे. ती खोली शोधायला गेली की आधी एकटी का, हे विचारतात, जातीचा नंबर नंतर. यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा आणि तो तिने लिहावा असे मी तिला सांगितले आहे.

अखेरच्या शनिवारची हकीगत सांगून थांबतो. मंडळातल्या एका मुलाने, त्याची ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहायला त्याने परवानगी दिली आहे, सांगितले की वसतिगृहात जागा न मिळाल्याने तो वर्षभर गावातल्या एका घरात भाड्याने राहतो आहे. मालकिणीने पूर्ण नाव विचारले तेव्हा त्याने पहिले नाव आणि गावाचे नाव सांगितले. मांसाहार करतोस का, या प्रश्नाला नाही म्हणाला. जयंतीच्या दिवशी तो घरी न सांगता दुसऱ्या गल्लीतून मिरवणुकीला गेला. मालकीण प्रेमळ आहे, ताप आला तर काढा करून देते. कथा वाचल्यापासून त्याला तो काढा घशाखाली उतरत नाही. त्याने विचारले, सांगून टाकू का?

मंडळात दोन तट पडले. काहींनी सांगच म्हटले, काहींनी परीक्षा होऊ दे म्हटले. 'विद्रोह' वाचणारा मुलगा म्हणाला, सांगायचे ठरवलेस तर आम्ही चौघे दाराबाहेर उभे राहतो. मी गप्प राहिलो. या वेळची गप्प राहण्याची कारणे वेगळी होती असे मला वाटते. कायम नोकरीत बसलेल्या माणसाने विसाव्या वर्षाच्या मुलाला धैर्याचा हुकूम सोडावा, हे मला पटत नाही.

त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. खोली अजून त्याच्याकडेच आहे. त्याने त्या चौघांचे फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहेत. ग्रंथालयाची प्रतही सध्या त्याच्याकडेच आहे, आणि ग्रंथपालांनी तिच्या मुदतीविषयी मला अजून काही विचारलेले नाही.